चौकाच्या दक्षिण बाजूला : जडसन मेमोरियल चर्चची वाटचाल

न्यूयॉर्कच्या जडसन मेमोरियल चर्चचा इतिहास मराठी माणसाला आपल्या उंबरठ्यापासून सुरू करता येतो. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतल्या सेलम गावी, टॅबरनॅकल चर्चमध्ये, पाच तरुणांना परदेशी मिशनकार्यासाठी दीक्षा मिळाली. अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेने समुद्रापार धाडलेली ही पहिली तुकडी. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले. मागाहून सॅम्युएल न्यूवेलही तिथेच आले. ईस्ट इंडिया कंपनी त्यांना राहू द्यायला राजी नव्हती. गव्हर्नरकडे अर्जांवर अर्ज करून त्यांनी मुक्काम टिकवला आणि त्या चिकाटीतून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. अहमदनगरच्या शाळा, १८४२ साली निघालेला ‘ज्ञानोदय’, रेव्ह. नारायण वामन टिळकांचे कार्य, हे सारे त्याच मिशनच्या आधाराने वाढले. गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिकच्या दौऱ्यात पटकीने वारले.

पाचांतले दोघे मात्र मुंबईला आले नाहीत. त्यांतला एक ॲडोनायरम जडसन. कलकत्त्याच्या वाटेवर जहाजात बसून त्याने बाप्तिस्म्याचा प्रश्न मुळातून अभ्यासायला घेतला. श्रीरामपूरला विल्यम कॅरी आणि त्यांच्या बॅप्टिस्ट सहकाऱ्यांशी गाठ पडणार होती, तेव्हा आपली बाजू पक्की असावी, एवढाच त्याचा हेतू. अभ्यास संपला तेव्हा त्याचीच बाजू बदलली होती. तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा शास्त्राला धरून नाही, समजून-उमजून विश्वास धरलेल्यानेच तो पाण्यात उतरून घ्यावा, असे त्याचे मत झाले. कलकत्त्यात त्याने आणि त्याची पत्नी ॲन हिने नव्याने बाप्तिस्मा घेतला आणि ज्या बोर्डाच्या पैशावर ते इथवर आले होते त्याचा राजीनामा दिला. परक्या मुलुखात, दुसऱ्या कुणाचा आधार ठरलेला नसताना. कंपनीने हिंदुस्थानात राहू दिले नाही म्हणून जुलै १८१३ मध्ये ही दोघे रंगूनला पोचली. पुढची सदतीस वर्षे ॲडोनायरम यांनी ब्रह्मदेशाला दिली. इंग्रज-बर्मी युद्धात त्यांना बेड्या घालून तुरुंगात डांबले गेले, तेव्हा बायबलच्या भाषांतराचे हस्तलिखित ॲनने उशीत शिवून वाचवले. १८३४ मध्ये बर्मी बायबल पुरे झाले. १८५० साली समुद्रप्रवासातच ॲडोनायरम वारले. देह समुद्राला दिला गेला, त्यामुळे जमिनीवर त्यांची समाधी नाही.

त्यांचा मुलगा एडवर्ड जडसन ब्रह्मदेशातल्या मौलमीनला १८४४ मध्ये जन्मला. तो वर्षाचा व्हायच्या आत आई गेली आणि सहाव्या वर्षाच्या आसपास वडील. अमेरिकेत वाढून, शिकून तो लॅटिनचा प्राध्यापक झाला, मग न्यू जर्सीतल्या एका सुस्थितीतल्या मंडळीचा पाळक झाला. तिथे आयुष्य सुखात गेले असते. १८८१ मध्ये ते सोडून तो न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या बेरियन बॅप्टिस्ट चर्चला आला. या बदलीचा अर्थ कळायला त्या वेळचे मॅनहॅटन डोळ्यांपुढे आणावे लागते. बेटाच्या दक्षिणेकडे जहाजांतून उतरलेली गरीब कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. सुखवस्तू लोक उत्तरेकडे सरकत होते आणि त्यांची चर्चेही जुन्या जागा विकून त्यांच्यामागोमाग चालली होती. एडवर्ड उलट दिशेने आला.

बापाच्या जन्मशताब्दीच्या सुमारास त्याने स्मारकाची कल्पना मांडली. जागा निवडली वॉशिंग्टन चौकाच्या दक्षिण बाजूची. या चौकाच्या उत्तरेला लाल विटांची जुनी श्रीमंत घरे आणि दक्षिणेला इटालियन मजुरांच्या चाळी. स्मारक दोन्ही वस्त्यांच्या सीमेवर बसले आणि त्याचे तोंड उत्तरेकडे, श्रीमंतांच्या घरांकडे राहिले. देणग्या तिकडूनच यायच्या होत्या आणि त्या खर्चायच्या होत्या पाठीमागच्या गल्ल्यांवर. जॉन डी. रॉकफेलर यांनी मोठी मदत केली. ब्रह्मदेशातल्या मिशनला पूर्वी दाणादाणा पाठवणाऱ्या छोट्या बॅप्टिस्ट मंडळ्यांनीही हातभार लावला.

इमारतीच्या बाबतीत एडवर्डने तडजोड केली नाही, आणि संस्थेच्या पुढच्या शंभर वर्षांचे बीज मला इथेच दिसते. गरिबांसाठी बांधायचे म्हणून चार भिंती आणि पत्रा, हा विचार त्याला मान्य नव्हता. ज्यांची घरे अंधारी आहेत त्यांना देवाच्या घरात तरी प्रकाश मिळावा, असे त्याचे म्हणणे. आराखडा दिला स्टॅनफर्ड व्हाईट यांनी. समोरच्या चौकातली प्रसिद्ध कमानही त्यांचीच. पिवळसर विटा, टेराकोटाची नक्षी, इटालियन धाटणीचा उंच मनोरा. रंगीत काचांच्या खिडक्या जॉन ला फार्ज यांनी घडवल्या, आणि संगमरवरी शिल्पकाम ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांच्या आराखड्यावरून झाले. त्या काळच्या अमेरिकेतले हे पहिल्या ओळीचे कलावंत. नेपल्स-सिसिलीकडून आलेल्या हमालांच्या मुलांनी ला फार्जच्या काचांतून गाळलेल्या उजेडात बसावे, म्हणून हा सारा खटाटोप होता. काम १८८८ च्या सुमारास सुरू झाले आणि १८९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने पुरे झाले.

मनोऱ्याला घंटा वाजवण्यापलीकडे एक काम होते. तो आणि त्याला लागून असलेली इमारत भाड्याने देण्यासाठी बांधली होती. मनोऱ्याच्या मजल्यांवर खोल्या, खोल्यांत भाडेकरू, आणि त्या उत्पन्नावर चर्चचे समाजकार्य, असा हिशेब. एडवर्डने १८९९ मध्ये एक छोटे पुस्तक लिहून आपली भूमिका मांडली. ज्या वस्तीत माणसाला नोकरी, औषध, शिक्षण, विरंगुळा यांतले काहीच धड मिळत नाही, तिथे चर्चने आठवड्याचे सातही दिवस उघडे राहून ते पुरवले पाहिजे, असा त्या विचाराचा गाभा. बालवर्ग, तालीम, गरजूंना मदत, रस्त्यावरच्या तहानेल्यांसाठी बाहेरच्या बाजूला थंड पाण्याची पाणपोई, अशी कामे निघाली. वस्तीतली बहुतेक कुटुंबे कॅथलिक होती आणि कॅथलिकच राहणार होती. बॅप्टिस्ट पाळकाला याची पुरती जाणीव होती.

हिशेब कागदावर जमला तसा व्यवहारात जमला नाही. कर्जे राहिली, डागडुजी थकत गेली, आणि १९१४ मध्ये एडवर्ड वारल्यावर दिवस आणखी ओढग्रस्तीचे आले. पुढे मनोरा आणि बाजूची इमारत न्यूयॉर्क विद्यापीठाकडे गेली. त्या मधल्या काळातले एक काम मात्र नोंदवलेच पाहिजे. १९२० च्या दशकाच्या आरंभी डॉ. एलिनर कॅम्बेल यांनी चर्चच्या आवारात दवाखाना सुरू केला. दक्षिणेकडच्या गल्ल्यांत तान्ही मुले फार दगावत होती. आयांना बोलावून मुलांचे वजन करणे, दुधाबद्दल सांगणे, घरोघरी परिचारिका पाठवणे, असे साधे काम वाढत वाढत जडसन हेल्थ सेंटर या नावाने आपल्या पायावर उभे राहिले आणि लवकरच वेगळ्या जागेत गेले. या चर्चने सुरू केलेली कामे वाढली की स्वतंत्र होतात, हा पायंडा तिथून पडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर रॉबर्ट स्पाइक पाळक म्हणून आले. विद्यार्थी, कवी, चित्रकार यांच्याशी बोलणे त्यांनी चालू केले. पुढे राष्ट्रीय पातळीवर चर्चांच्या वर्णन्यायाच्या कामाचे नेतृत्व त्यांनी केले आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामागे मंडळ्यांचे बळ उभे केले. १९६६ मध्ये त्यांचा खून झाला. स्पाइक जडसनमधून गेल्यावर त्यांच्या जागी हॉवर्ड मूडी आले होते. टेक्ससचे, घरचे संस्कार कडक बॅप्टिस्ट, तरुणपणी मरीन दलात लढलेले, केस बारीक कापलेले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९२ पर्यंत ते इथे होते. व्हिलेजमध्ये हेरॉइनचा विळखा वाढत होता, तेव्हा नशा सुटावी म्हणून धडपडणाऱ्या पोरांना रुग्णालये दारात उभी करत नव्हती. मूडींनी त्यांच्यासाठी मदत केंद्र काढले. एप्रिल १९६१ मध्ये उद्यान खात्याने चौकातल्या कारंज्याभोवती रविवारी जमून गाणाऱ्यांना परवाना नाकारला. गिटार घेऊन आलेल्या तरुणांना पोलिसांनी हाकलले, काहींना धरले. त्या वेळी गाण्याच्या हक्कासाठी जी समिती झाली तिच्या पुढे मूडी होते. महिन्याभरात बंदी मागे घ्यावी लागली.

कलेकडे वळणे याच वाटेवरचे होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस चर्चच्या तळघरात जडसन गॅलरी सुरू झाली. क्लेस ओल्डेनबर्ग, जिम डाइन ही नावे तेव्हा कुणाला माहीत नव्हती. १९६० च्या आरंभी त्या दोघांनी तळघर पुठ्ठे, चिंध्या, रस्त्यावरचा भंगार माल यांनी भरून टाकले. ओल्डेनबर्गच्या मांडणीचे नावच ‘द स्ट्रीट’ होते. वर शहराचा कचरा आणि खाली त्याचीच कला, अशी ती जागा झाली.

१९६१ मध्ये ॲल कार्माइन्स सहायक पाळक म्हणून आले. व्हर्जिनियाचा हा तरुण उपदेशही करी आणि पियानोही वाजवी. कवींच्या नाटकांसाठी त्यांनी जडसन पोएट्स थिएटर सुरू केले, तेव्हा दोन गोष्टी ठरवून टाकल्या : धार्मिक नाटके करायची नाहीत, आणि संहिता एकदा स्वीकारली की तिला कात्री लावायची नाही. चर्चच्या मंचावर बसणाऱ्या संस्थेने स्वतःच धार्मिक नाटक वर्ज्य करावे, हे आपल्याकडच्या मंडळ्यांना चमत्कारिक वाटेल. मला ते धाडसाचे आणि नम्रतेचेही वाटते. कलावंताला आसरा द्यायचा आणि बदल्यात त्याच्याकडून आपली जाहिरात करून घ्यायची, हा सौदा कार्माइन्सना नको होता. त्यांनी गर्ट्रूड स्टाइनच्या शब्दांना चाली लावल्या, मारिया आयरीन फोर्नेसच्या ‘प्रॉमेनाड’ला संगीत दिले. त्यांच्या नाटकांना ऑफ-ब्रॉडवेचा ओबी पुरस्कार मिळाला. शनिवारी रात्री नाटक, रविवारी सकाळी तिथेच उपासना.

आणि मग ६ जुलै १९६२ ची संध्याकाळ. संगीतकार रॉबर्ट डन यांच्या रचनावर्गात शिकणाऱ्या तरुण नर्तकांना आपले काम कुठे दाखवावे हा प्रश्न होता. एका नावाजलेल्या सभागृहाने निवडचाचणी घेऊन त्यांना नकार दिला होता. इव्हॉन रेनर, स्टीव्ह पॅक्स्टन आणि त्यांची मंडळी जडसनला आली आणि कार्माइन्सनी होकार दिला. उकाड्याचे दिवस होते, सभागृहात वातानुकूलन नव्हते, प्रवेश फुकट होता; तीनशेच्या आसपास माणसे आली आणि कार्यक्रम सुमारे तीन तास चालला. सुरुवात चित्रफितीने झाली, आणि ती अशी की नृत्य कुठे सुरू झाले हे लोकांना कळायला वेळ लागला. रेनर नाचता नाचता आपल्या आयुष्यातल्या रस्त्यांची नावे घेत होत्या. पॅक्स्टन यांच्या ‘प्रॉक्सी’त नर्तक चालत, उभे राहत, पेलाभर पाणी पीत, पेअर खात. पाणी पिणे हेच नृत्य. वर्षानुवर्षे शरीर घडवलेल्या नर्तकाने प्रेक्षकासारखेच साधे चालून दाखवायचे, म्हणजे चालणाऱ्या कुणालाही त्या मंचावर जागा आहे, असे त्यातून उमटले. ट्रिशा ब्राउन, लुसिंडा चाइल्ड्स, डेबोरा हे, डेव्हिड गॉर्डन ही सारी नावे पुढच्या दोनेक वर्षांत जडसन डान्स थिएटर म्हणून ओळखल्या गेलेल्या गटातली. आधुनिकोत्तर नृत्याचा इतिहास लिहिणारे आज त्या संध्याकाळपासून सुरुवात करतात. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने या गटावर मोठे प्रदर्शन भरवले.

या मोकळिकीची किंमतही मोजावी लागली. नोव्हेंबर १९७० मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात आणि राष्ट्रध्वजाच्या वापरावरच्या कायद्यांचा निषेध म्हणून चर्चमध्ये ‘पीपल्स फ्लॅग शो’ भरला. कुणीही यावे आणि ध्वजाबद्दल आपल्याला जे म्हणायचे ते मांडावे, असे आवाहन होते. फेथ रिंगगोल्ड, जॉन हेन्ड्रिक्स आणि ज्याँ तोश या तीन कलावंतांना अटक झाली आणि पुढे दोषी ठरवले गेले. रिंगगोल्ड आफ्रिकी-अमेरिकी चित्रकार. युद्धावर जाणाऱ्या काळ्या तरुणांच्या देशात ध्वज कुणाचा, हा त्यांचा प्रश्न होता. चर्चने प्रदर्शनाला जागा दिली ती कुणाच्या हातून काय येईल याची खात्री करून न घेताच.

मूडींच्या कारकिर्दीतले सगळ्यात धोक्याचे काम टेलिफोनवर चाले. न्यूयॉर्क राज्यात गर्भपात हा गुन्हा होता; आईच्या जिवाला धोका असेल तेवढीच सूट. पैसेवाली बाई परदेशी जाई किंवा खाजगी डॉक्टर गाठी. गरीब बाई कुणातरी अडाण्याच्या हाती सापडे आणि रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने मरे. २२ मे १९६७ रोजी मूडींसह एकवीस ख्रिस्ती पाळक व यहुदी रब्बी यांनी आपली नावे वर्तमानपत्रात जाहीर करून सांगितले, की अडचणीतल्या स्त्रियांना आम्ही सल्ला देऊ. जडसनचा फोन लावला की ध्वनिमुद्रित आवाज त्या आठवड्याला भेटू शकणाऱ्या पाळकांची नावे सांगे. बाई जाऊन भेटे, मोकळेपणी बोले, निर्णय तिचा तीच घेई. गर्भपात ठरला तर तिला भरवशाच्या डॉक्टरचा पत्ता मिळे. तो भरवसा तपासण्याचे काम आर्लीन कार्मेन करीत. त्या चर्चच्या प्रशासक, जन्माने यहुदी. स्वतः गरोदर असल्याचे सांगून त्या डॉक्टरांकडे जात. जागा स्वच्छ आहे का, वागणूक कशी, पैसे किती मागतात, हे पाहून येत. ज्याच्याविषयी तक्रार आली त्याचे नाव यादीतून जाई. थोड्याच वर्षांत हे जाळे राज्याराज्यांत पसरून हजाराहून अधिक धर्मगुरू त्यात आले. १ जुलै १९७० रोजी न्यूयॉर्कचा नवा कायदा अमलात आला, त्याच दिवशी या मंडळींच्या पुढाकाराने कायदेशीर, माफक दराचे केंद्र उघडले. १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्क मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यावर सल्ला सेवेची गरज उरली नाही आणि ती बंद करण्यात आली. काम झाल्यावर संस्था बंद करणे किती संस्थांना जमते!

गर्भपाताविषयी मंडळ्यांत आजही टोकाचे मतभेद आहेत आणि ते मी इथे सोडवू शकत नाही. मूडींचे म्हणणे मात्र नेमके होते : जिला कुठेच जाता येत नाही तिच्या तोंडावर दार लावणे पाळकाला शोभत नाही. कार्मेन आणि मूडी यांनी पुढे तोच विचार रस्त्यावरच्या वेश्यांकडे नेला. रात्री गाडी घेऊन त्या वस्तीत जायचे, गरम कॉफी द्यायची, बसायला जागा द्यायची, कोर्टात त्यांच्या बाजूला उभे राहायचे. बाप्तिस्म्याची किंवा धंदा सोडण्याची अट नव्हती. १९८५ मध्ये दोघांनी या अनुभवावर पुस्तक लिहिले. कार्मेन १९९४ मध्ये गेल्या, मूडी २०१२ मध्ये. माझ्या मते मूडींइतकेच, कदाचित काकणभर जास्तच, त्या काळचे जडसन कार्मेनबाईंचे आहे. पण उपदेशपीठावर उभे राहणाऱ्याचेच नाव इतिहास आधी घेतो.

जडसनची मंडळी संख्येने कधीच मोठी नव्हती. हे चर्च आहे की सभागृह, असा प्रश्न तिच्याविषयी वेळोवेळी विचारला गेला. तिथली माणसेही आपल्या मोठ्या दालनाला सभेची खोली म्हणतात. आज जडसन चर्च दोन संप्रदायांशी जोडलेले आहे : अमेरिकन बॅप्टिस्ट आणि युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट. यातला दुसरा हा जुन्या काँग्रिगेशनल मंडळ्यांचा, म्हणजे ज्यांच्या बोर्डाने हॉल-नॉट यांना मुंबईला धाडले त्यांचा वारस. १८१२ मध्ये ॲडोनायरमने ज्या घराचा निरोप घेतला, त्याच घराशी त्याच्या नावाच्या चर्चने पुन्हा नाते जोडले. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या मंडळ्यांना म्हणूनच जडसन चर्च परके नाही.

मूडींनंतर पीटर लार्मन आणि त्यांच्यामागून डॉना शेपर यांनी धुरा वाहिली. १९९१ पासून मूव्हमेंट रिसर्च ही संस्था सोमवारी संध्याकाळी तिथे नव्या नर्तकांचे अपुरे, प्रयोगावस्थेतले काम दाखवते, प्रवेश विनामूल्य. २००७ च्या सुमारास न्यू सँक्च्युअरी कोएलिशनने जडसनमध्ये आपले ठाणे केले. स्थलांतरितांना ठरावीक मुदतीने सरकारी कचेरीत हजेरी द्यावी लागते आणि कुठल्याही हजेरीला अटक होऊन देशाबाहेर काढले जाऊ शकते. तेव्हा स्वयंसेवकांनी त्यांच्यासोबत जायचे, रांगेत उभे राहायचे, आत नेले तर बाहेर थांबायचे, असे हे काम होते. या चळवळीचे तेव्हाचे संचालक रवी राग्बीर हे त्रिनिदादचे आणि तेव्हा स्वतःच हद्दपारीच्या छायेत होते. ११ जानेवारी २०१८ रोजी अशाच हजेरीला ते गेले असता त्यांना ताब्यात घेतले गेले. बाहेर जमलेले लोक रस्त्यावर बसले, त्यांतल्या अनेकांना अटक झाली, नगरपरिषदेचे सदस्यही त्यांत होते. २९ जानेवारीला संघीय न्यायाधीशांनी त्यांच्या सुटकेचा हुकूम दिला. त्यानंतरही कोर्टकचेऱ्या चालल्या आणि १९ जानेवारी २०२५ रोजी, पद सोडायच्या आदल्या दिवशी, अध्यक्ष बायडेन यांनी राग्बीर यांना माफी दिली.